भट्टीच्या गाड्याला पेटी नको, पिंजरा हवा



पोळा झाला, आगाप मक्याची कणसं भरायला लागली, आणि फोनवर सध्या एकच विचारणा चालू आहे: कोळशाच्या भट्टीला लाकडी गाडा कसा करायचा? विचारणारे बहुतेक जण सोबत एखादा व्हिडिओ पाठवतात. व्हिडिओ परदेशातला, घरामागच्या अंगणातला. रंधा मारलेल्या, तेल पाजलेल्या लाकडाचा देखणा गाडा, चार चाकं, वर मधोमध गोल भोक, त्यात अंड्याच्या आकाराची भट्टी बसवलेली, खाली दोन दारांचं कपाट. आणि प्रश्न असा: "सुताराला हेच दाखवतो. भट्टी तेवढी आपल्या ड्रमची बसवतो. चालेल ना?"

नाही चालणार. का नाही, आणि मग काय करायचं, हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

माझं मत सरळ आहे. गाडा लाकडाचा जरूर करा. आपल्या बांधावरच्या बाभळीचा, आपल्या गावच्या सुताराकडून करा. पण भट्टीभोवती लाकडाची बंद पेटी करू नका, पिंजरा करा. म्हणजे आग लोखंडाच्या चौकटीत लटकलेली, तिच्या चारी बाजूंनी मोकळी हवा, आणि लाकूड त्या हवेच्या पलीकडं. लाकूड माणसाला आगीपासून लांब ठेवण्यासाठी आहे, आगीला कवेत घेण्यासाठी नाही.

हा विषय नुसता सुतारकामाचा राहिलेला नाही. गेल्या माघात, हुरड्याच्या ऐन दिवसांत, आमच्या भागात असाच एक पेटीवाला गाडा रात्री पेटला. दिवसभर कणसं, रताळी भाजली, संध्याकाळी वरचे निखारे विझवले, गाडा ढकलत नेऊन सोयाबीनच्या भुसकटाशेजारी लावला. खालच्या प्लायवूडला आतून करप धरलेली कुणाला दिसली नाही. पहाटे भुसकट गेलं, शेजारची कडब्याची गंजी गेली. जनावरं सोडता आली एवढंच नशीब. ज्याचा सहा महिन्यांचा चारा एका रात्रीत जातो, त्याला उन्हाळ्यात जनावरं विकायला काढावी लागतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तेव्हापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो, काही होत नाही, जरा लक्ष ठेवायचं. दुसरा म्हणतो, आगीजवळ लाकूडच नको, सगळं लोखंडाचं करा. मला दोन्ही पटत नाहीत.

व्हिडिओतली भट्टी आणि आपला ड्रम

व्हिडिओत दिसणाऱ्या अंड्यासारख्या भट्टीला कामाडो म्हणतात. शब्द जपानी आहे, अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी ती चूल आपल्या देशात नेली आणि पुढं तिकडच्या कारखान्यांनी ती सिरॅमिकची करायला घेतली. तिची भिंत जाड असते. आत कितीही ताव असला तरी बाहेरच्या अंगाला तो हळूहळू आणि कमी पोचतो. आपल्या मातीच्या रांजणाची भिंत आणि पत्र्याच्या डब्याची भिंत यात जो फरक, तोच इथं. शिवाय तिला घट्ट झाकण असतं. हवेच्या झडपा बंद केल्या की आत आग गुदमरून विझते.

आणि इतकं असूनही ती भट्टी थेट लाकडावर ठेवू नका, खाली दगडी लादी किंवा पाय द्या आणि हवा खेळती ठेवा, असं ती बनवणारेच बजावतात. व्हिडिओत ती लादी दिसत नाही, कारण भट्टी तिच्यावर बसलेली असते.

आपल्याकडं काय असतं? २०० लिटरचा ड्रम उभा चिरून केलेली अर्धगोल भट्टी. पत्रा मिलीमीटरभर जाडीचा. आतल्या बाजूला निखारे टेकलेले आणि वर पंखा किंवा ब्लोअर चालू. रसरशीत निखारा सहज ६०० अंशांच्या पुढं असतो, ब्लोअरनं आणखी चढतो. पत्रा ते बाहेर जसंच्या तसं फेकतो. त्या पत्र्यापासून चार बोटांवर फळी बसवायची म्हणजे फळीला रोज भाजायला ठेवण्यासारखंच आहे.

आता लाकडाचा स्वभाव. ठिणगी मिळाली तर लाकूड साधारण ३०० अंशांच्या पुढं पेट घेतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. म्हणून ते म्हणतात, "आमची फळी एवढी कुठं तापते?" पण रोज रोज शंभर अंशांच्या वर तापत राहिलेलं लाकूड आतून हळूहळू कोळसा होत जातं. आणि असं करपलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी तावाला पेटतं. म्हणजे पहिल्या हंगामात काही झालं नाही, हा पुरावा नाही. उलट दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातच धोका वाढलेला असतो. पेटी बंद असली की हे करपणं दिसत पण नाही.

आपल्या लोकांना हे माहीत होतं

लाकूड आणि तापलेलं लोखंड एकत्र कसं नांदवायचं हे आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी बघितलंय त्यांना आठवेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची म्हणजे ती फुगते, सांडशीनं उचलून चाकावर बसवायची. लाकूड लगेच धुरावतं, जाळ पण धरतं. म्हणून पाण्याच्या घागरी आधीच भरून ठेवलेल्या असायच्या. बसली की लगेच पाणी. धाव आकसते, पुठ्ठे आणि आरे तुंब्यात आवळले जातात. लाल लोखंड लाकडाला लागायचं ते मोजक्या क्षणांपुरतं, आणि तेवढ्यालाही घागरी लागायच्या. आपण मात्र भट्टीला दिवसभर लाकडात बसवून ठेवायला निघालोय.

घिसाडी बघा. बिऱ्हाड गाडीवर, भाता गाडीवर, ऐरण गाडीवर. पण आग पेटवायची ती गाडी सोडून जमिनीत खळगा करून. इस्त्रीवाला बघा. त्याचा गाडा लाकडाचा, इस्त्री कोळशाची, पण ती टेकते फरशीच्या तुकड्यावर किंवा लोखंडी बैठकीवर, फळीवर कधीच नाही. घाटातले कणीसवाले बघा. फळीवर आधी माती नाहीतर वाळू, वर पत्रा, मग शेगडी, आणि शेगडी चारी बाजूंनी उघडी. यातल्या कुणी पुस्तक वाचलेलं नाही, पण तिघांनीही लाकूड आणि आग यांच्या मध्ये काहीतरी ठेवलंय.

अंतर किती?

"लांब ठेवा" म्हणून भागत नाही, आकडा लागतो. अमेरिकेत घरात लाकडाच्या शेगड्या सर्रास असतात, त्यामुळं तिथं यावर नियम केलेत. सर्वसाधारण नियम असा की शेगडीपासून उघडं लाकूड ३६ इंच लांब. मध्ये पत्र्याचा आडोसा लावला, आणि तो पत्रा लाकडापासून एक इंच सुटा ठेवून मागून हवा खेळती ठेवली, तर हेच अंतर १२ इंचांपर्यंत कमी करता येतं.

हा एक इंच लक्षात ठेवा. पत्रा लाकडाला चिकटवून ठोकला तर त्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण तापलेला पत्रा लाकडाला तापवतोच. सुटा ठेवला की मागून गार हवा खालून शिरते, तापून वरून निघून जाते आणि ताव घेऊन जाते. म्हणून त्या फटीचं खालचं आणि वरचं तोंड बंद करायचं नाही. आपल्या मापात सांगायचं तर उघडं लाकूड दोन हात लांब, आणि सुट्या पत्र्याआड दीड वीत. ते नियम घरातल्या शेगडीचे आहेत, आपली भट्टी उघड्यावर असते, हे खरं. पण आपल्याकडं वारा पण असतो, आणि वाऱ्यानं निखारा फुलतो. त्यामुळं मी हे माप खाली आणणार नाही.

गाड्याची मापं

नेहमीचा हातगाडा चार बाय सहा फुटांचा असतो. तोच सांगाडा धरू. फक्त दोन लांब दांड्यांमधलं अंतर आतून आत चार फूट ठेवा. अर्धा ड्रम साधारण २३ इंच रुंद आणि ३५ इंच लांब असतो. मधोमध बसवला तर दोन्ही बाजूंना साडेबारा इंच सुटतात. लांबीत एका टोकाला १२ इंच सोडा, दुसऱ्या टोकाला २५ इंच उरतात. ती झाली काम करायची फळी: मीठ, लिंबू, तिखट, सोलणं, पैसे, सगळं तिथं.

१. भट्टीचा सगळा भार लोखंडावर. आडवे दोन अँगल टाकून त्यात ड्रमला बसायला झोळीसारखी चौकट करा. हे अँगल लाकडी दांड्यांवर थेट टेकवू नका, ते ताव वाहून आणतात. बोल्टात मध्ये दोन-दोन नट घालून अँगल बोटभर उचला. पाच रुपयांचं काम आहे, पण सांध्यातलं करपणं त्यानं वाचतं.

२. भट्टीखाली तळ नको. फळी नको, प्लाय नको, आणि कपाट तर मुळीच नको. व्हिडिओतलं सगळ्यात मोहात पाडणारं काही असेल तर ते कपाट. मग त्यात कोळशाचं पोतं, पेपरची रद्दी, रॉकेलची बाटली, सगळं जातं, आणि वरून निखारे झडत असतात. खाली राखेसाठी पत्र्याचा ट्रे लटकवा, बाकी मोकळं. कोळशाचं पोतं गाड्यापासून वेगळं, झाकून.

३. गिऱ्हाइकाच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्यांचं कठडं. पट्टी आणि पट्टी यांच्यात दोन बोटं फट. आतून, एक इंच सुटा, पत्र्याचा आडोसा. भाजणारा जिथं उभा राहतो तिथं कठडं नको, नुसता पत्रा बस. लहान मुलं कणसासाठी गाड्याला लोंबकळतात, त्यांचा हात लाकडावर पडावा, पत्र्यावर नाही, हे या कठड्याचं खरं काम.

४. आतून ड्रमला मातीचा थर द्या. पांढरी माती, भाताचं तूस किंवा बारीक भुसा आणि शेण, चांगलं तुडवून दोन इंच. भुसा जळून जातो, माती पोकळ राहते आणि ताव अडवते. कोळसा पण कमी लागतो. सावलीत वाळवा, मग दोन दिवस मंद आगीवर शेकवा. ओल्या मातीवर एकदम भडका केला तर तडे जाणार.

५. छप्पर लोखंडी खांबांवर, पत्र्याचं, डोक्याच्या वर हातभर. ताडपत्री नको. प्लॅस्टिकची ताडपत्री वितळून निखाऱ्यावर पडते, आणि पाऊस आला की माणूस ती चारी बाजूंनी खाली ओढतो. त्यात दुसरा धोका आहे, तो पुढं सांगतो.

६. चाकं दोन, पाय दोन. सायकलची चाकं या वजनाला वाकतात, जुन्या स्कूटरची घ्या. काळ्या रानात पावसात गाडा उभा केला की एका अंगाचं चाक रुततं आणि भट्टी कलंडते. म्हणून गाडा उभा राहणार तिथं मुरमाचा ओटा करा आणि चाकाला दगड लावा.

झालं की तपासणी. पूर्ण आग दोन तास चालवा आणि मग प्रत्येक लाकडी भागावर तळहात टेकवा. आरामात टेकवून ठेवता आला पाहिजे. हात पन्नास अंशांच्या आसपासच मागे येतो आणि लाकूड करपायला त्याच्या कितीतरी पुढं जावं लागतं, त्यामुळं ही कसोटी आपल्याला भरपूर आधी इशारा देते. जिथं हात टिकत नाही तिथं अंतर वाढवा. दर हंगामाच्या सुरुवातीला आडोशाचा पत्रा काढून मागचं लाकूड बघा. तपकिरी डाग पडला असेल तर तो घामाचा नाही.

लाकूड कोणतं?

बाभूळ. गाडीला, नांगराला, वखराला पिढ्यान्‌पिढ्या हीच वापरली. जड, चिवट, धक्का सोसणारी. पण तिचं बाहेरचं पांढरट लाकूड किड्याचं आवडतं खाद्य आहे. गाभ्याचं तांबडं तेवढं घ्या. जुने लोक ओंडके काही महिने पाण्यात मुरवायचे आणि मग सावलीत वाळवायचे, त्यानं कीड कमी लागते. घाई असेल तर निदान एक उन्हाळा तरी सावलीत थर लावून वाळवा. ओल्या लाकडाचा गाडा भट्टीजवळ पहिल्याच महिन्यात पिळवटतो.

साग अर्थात उत्तम, पण घरचा साग असला तरी थेट कुऱ्हाड लावू नका. साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, खैर अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तोडायला परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. तरी माल गावाबाहेर कापायला न्यायचा असेल तर वनखात्यात आधी विचारून घ्या, रस्त्यात अडवल्यावर नको. निलगिरी वाळताना फाटते आणि वळते. बांबू छपराला चालेल, पण आगीजवळ नको, त्याची बंद पेरं तापली की फटाक्यासारखी फुटतात.

आता काय वापरायचं नाही, ते जरा ठासून सांगतो, कारण शेतकऱ्याच्या वाड्यात भंगार भरपूर असतं आणि हात आधी तिकडंच जातो.

रेल्वेचे जुने स्लीपर नकोत. त्यांना डांबरासारखं क्रिओसोट पाजलेलं असतं, ते तापलं की त्याची वाफ अन्नात. प्लायवूड नको, त्यातल्या गोंदातून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं. पॅकिंगच्या पॅलेटची फळी घेणार असाल तर तिच्यावरचा शिक्का बघा: एचटी असेल तर ती उष्णतेनं निर्जंतुक केलेली, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबीवाली बाजूला ठेवा. हिरवट झाक असलेलं, प्रक्रिया केलेलं लाकूड तांबं, क्रोम आणि आर्सेनिक पाजलेलं असू शकतं, ते तर जाळायला सुद्धा वापरू नका.

गोठ्यावरचा जुना सिमेंट पत्रा आडोशाला नको. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. कापताना त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि आगीत तो ताडताड फुटतो. जस्ती पत्रा आडोशाला चालेल, पण निखारे टेकतील अशा जागी नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, निखारा त्याच्या कितीतरी पुढं. तिथं साधा काळा लोखंडी पत्रा.

आणि ड्रम. औषधाचा ड्रम असेल तर कितीही धुतलेला असो, कितीही जाळून काढलेला असो, अन्नाच्या भट्टीला नको. मी यावर वाद घालत नाही. खाद्यतेलाचा किंवा काकवीचा ड्रम शोधा, मिळतो.

लाकडाला जळकं ऑइल फासायची आपली सवय पण इथं सोडा. जवसाचं तेल पाजा, दोन-तीन हात. पण तेल लावलेला कापडाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत वाळताना तापतं, गोळा केलेल्या फडक्यात तो ताव साठतो आणि फडकं आपोआप पेटतं. दमट चारा गंजीत रचला की आतून तापून पेटतो, तसाच प्रकार. फडकी पाण्यात बुडवा किंवा उघडी पसरून वाळवा.

धूर नसलेला धोका

लोणारी कोळसा चांगला पेटला की धूर करत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. उत्तरेकडं थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यानं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपल्याकडं हुरड्याच्या दिवसांत थंडी पण असते आणि राखणीला माणसं पण असतात. उरलेल्या निखाऱ्याचा गाडा रात्री शेडमध्ये ढकलायचा आणि त्याच्या उबेला सालगड्यानं झोपायचं, हे मी बघितलेलं आहे. असं करू देऊ नका. शेडमध्ये, ट्रॉलीत, ताडपत्रीखाली, जिथं वरून पाऊस आणि बाजूनं वारा दोन्ही अडतात तिथं, पेटता कोळसा नेऊ नका. तो माणूस आपल्या भरवशावर राखणीला आलेला असतो.

राखेचं पण तेच. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, राख त्याला पांघरुणासारखी असते. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा, दोन रात्री ठेवा, मग पाणी मारा. उकिरड्यावर, उसाच्या पाचटाजवळ किंवा कडब्याच्या बाजूला ओतू नका. गाडा गंजीपासून निदान ५० फूट, आणि वारा ज्या अंगानं येतो ते बघून लावा. राखेत पालाश असतं म्हणून रानात टाकायचा मोह होतो. कोकणातल्या आंबट लाल मातीला ती चालते, पण आपल्या चुनखडीच्या किंवा चोपण जमिनीत तिनं सामू आणखी चढेल. युरियात मिसळून तर कधीच नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. कृषी सहायक मित्रांनी हे शेतीशाळेत एकदा सांगावं, राखेबद्दल गैरसमज फार आहेत.

मग सगळं लोखंडाचंच का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. जो माणूस बाजारपेठेत बारा महिने, रोज आठ-दहा तास भट्टी चालवतो, त्यानं लोखंडाचाच गाडा घ्यावा. तिथं माझा लाकडाचा आग्रह नाही.

पण आपल्यातल्या बहुतेकांचा धंदा हंगामी आहे. श्रावण-भाद्रपदात कणसं, थंडीत रताळी आणि शेंगा, बाकी आठ महिने गाडा गोठ्यात. लोखंडी गाड्याला ओली राख लागली की तो गंजतो, आणि वाकला किंवा तुटला तर वेल्डिंगला तालुक्याला न्यावा लागतो. लाकडाची पट्टी मोडली तर सुतार गावात आहे, लाकूड बांधावर आहे. लोखंडी मूठ भट्टीजवळ तापते, लाकडी मूठ धरता येते. कठड्यावर हात टेकून गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त उभं राहतं आणि आणखी एक कणीस घेतं.

आणखी एक. गावातल्या सुताराकडं आता बैलगाडी करायला कुणी येत नाही. दारं-खिडक्या तयार येतात. ज्याच्या हाताला खाचेत बसणारा सांधा येतो, खिळा न मारता आवळलेला सांगाडा येतो, त्याला वर्षाकाठी असे चार गाडे मिळाले तर त्याचा वाकस चालू राहील. फक्त त्याच्या हातात व्हिडिओ देऊ नका. भट्टी कशी आणि किती तापते ते दाखवा, माप सांगा, बाकीचं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

हुरड्याबद्दल माझं मत वेगळं आहे, तेही सांगतो. गुळभेंडी असो की राहुरीची फुले मधुर, हुरडा गाड्यावर भाजू नका. त्याची जागा जमिनीतल्या आगटीत, गोवऱ्यांच्या विस्तवात. कणीस आगटीत खुपसायचं, गरम गरम हातावर चोळायचं, यातच त्याची चव आहे. कोळशाच्या तावावर दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. गाडा कणसांचा, रताळ्यांचा, शेंगांचा.

आणि मक्याच्या कणसासाठी तर गाडा रानाच्या कडेलाच हवा. तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठात बदलायला लागते, उन्हात तर लवकर. शहरातल्या कणीसवाल्याला कालचं किंवा परवाचं कणीस मिळतं. आपण तासाभरापूर्वी तोडलेलं भाजतो. आपली सगळी कमाई त्या तासाभराच्या फरकात आहे. व्यापाऱ्याला पोत्यानं दिलेलं कणीस आणि भाजून हातात दिलेलं कणीस यातला भावातला फरक तुम्ही स्वतः काढून बघा. तो फरक घरात आणायला कपाटवाला देखणा गाडा लागत नाही. मजबूत सांगाडा लागतो, आणि आगीभोवती दीड वीत रिकामी जागा.

ती रिकामी जागा बघून सुतार म्हणेल, "भाऊ, एवढी जागा वाया जातीय, इथं एक फळी टाकू का?" टाकू देऊ नका.

कुणी यंदा गाडा करत असेल तर कोळसा भरण्याआधी पट्ट्यांचा आणि आडोशाचा फोटो टाका. काही राहिलं असेल तर मिळून बघू.